पुढे मामा उभे आहेत : वेगमर्यादेच्या खबरीचा इतिहास



आजचा विषय थेट रस्त्यावरचा आहे. तुम्ही इंदूरहून धुळ्याकडे निघाला असा, बेळगावहून कोल्हापूरला किंवा वडोदऱ्याहून मुंबईला, एक अनुभव सगळीकडे सारखा येतो. समोरून येणारी गाडी दिवसाउजेडी दोनदा डिपर मारते. तो चालक तुमच्या ओळखीचा नसतो, त्याची भाषाही कदाचित तुमची नसते. तरी निरोप कळतो : पुढे चेकिंग लागलंय. महाराष्ट्रात म्हणतात, पुढे मामा उभे आहेत. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. दोन-तीन किलोमीटर गाडी अगदी सभ्यपणे चालते. मग मामा दिसतात किंवा दिसत नाहीत, आणि काटा पुन्हा वर चढतो.

हीच खबर आता मोबाईलवरूनही येते. अमुक तारखेपासून अमुक हायवेवर कॅमेरे सुरू होणार, एवढ्या वेगाला एवढा दंड, सगळ्या ग्रुपवर पाठवा. त्यातलं काही खरं असतं, काही अर्धं खरं असतं, आणि काही कुणीतरी बसल्या जागी रचलेलं असतं.

वेगमर्यादेचा इतिहास सांगताना आपण सहसा कायद्यांची जंत्री देतो : अमुक साली अमुक कायदा, मर्यादा इतकी, दंड इतका. मला आज दुसरी बाजू सांगायची आहे. रस्त्यावरच्या माणसापर्यंत कायदा क्वचितच कायद्याच्या रूपात पोचतो. तो पोचतो खबरीच्या रूपात. पोलीस कुठे आहेत, किती कडक झालेत, खरंच पकडतात का, ही ती खबर. तिच्यावर ताबा कुणाचा, यावरून एकेकाळी मोठी भांडणं झाली आहेत. त्यातलं पहिलं भांडण समजून घ्यायला इंग्लंडमध्ये जावं लागेल, साधारण सव्वाशे वर्षं मागे.

इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या गाडीपुढे माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं होतं. १८९६ मध्ये ती कटकट संपली. मग १९०३ चा मोटार कार कायदा आला. त्याने गाड्यांना नंबर दिले आणि वेगाची मर्यादा ताशी २० मैल केली, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. हा कायदा काही वर्षांपुरता म्हणून केला होता. दरवर्षी मुदतवाढ मिळत मिळत तो १९३० पर्यंत चालला. तात्पुरत्या गोष्टी टिकाऊ निघतात हा काही फक्त आपल्याच सरकारी कचेऱ्यांचा गुण नव्हे.

आता पोलिसांपुढे प्रश्न होता तो वेग मोजायचा कसा. रडार नव्हतं, कॅमेरा नव्हता. होतं ते घड्याळ. रस्त्याचा एक तुकडा मोजून घ्यायचा, समजा एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड. एका टोकाला कुंपणाच्या झुडपात एक शिपाई, दुसऱ्या टोकाला दुसरा. गाडी पहिल्या खुणेवरून गेली की इशारा करायचा आणि दुसऱ्या खुणेशी घड्याळ थांबवायचं. ताशी २० मैलांनी एक फर्लांग कापायला साडेबावीस सेकंद लागतात. घड्याळ दाबायला दोन सेकंदांची चूक झाली आणि साडेवीस सेकंद भरले, तर कायद्याने चालणारा माणूस कागदावर ताशी २२ मैलांनी धावलेला ठरतो. न्यायाधीशासमोर पोलिसाचा शब्द आणि मोटारवाल्याचा शब्द एवढंच असे. त्या काळी मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन. ज्या वर्गाला पोलिसांनी सलाम ठोकावा अशी सवय होती, त्याला पोलीस झुडपात दबा धरून पकडू लागले.

या वर्गाने लंडन ते ब्रायटनच्या रस्त्यावर सायकलवरची माणसं नेमली. पोलिसांचा सापळा कुठे लागलाय ते त्यांनी हेरायचं आणि येणाऱ्या गाड्यांना सावध करायचं. याच हालचालीतून १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था उभी राहिली. आज ब्रिटनमध्ये तिला रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी संस्था म्हणून ओळखतात. तिचा जन्म मात्र पोलिसांची खबर पोचवण्यासाठी झाला. आपल्या डिपरचीच ही संघटित, वर्गणी भरून चालवलेली आवृत्ती.

हे चालू द्यायचं का? पोलिसांनी या सायकलवाल्यांवर खटले भरले. आरोप होता सरकारी कामात अडथळा आणल्याचा. इथे दोन निकाल महत्त्वाचे आहेत, आणि दोन्हींमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन होते.

पहिला १९०७ चा, बॅस्टेबल विरुद्ध लिटल. एका माणसाने येणाऱ्या गाड्यांना पुढे सापळा असल्याचा इशारा दिला होता. न्यायालयाने विचारलं, इशारा मिळाला तेव्हा त्या गाड्या मर्यादेपेक्षा जोरात चालल्या होत्या का? तसा पुरावा नव्हता. मग गुन्हाच घडत नसताना माणसाला गुन्हा करू नकोस असं सांगणं हा अडथळा कसा? इशारा देणारा सुटला.

दुसरा १९१० चा, बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स. इथे असोसिएशनच्या माणसाने ज्या गाड्यांना सावध केलं त्या आधीच भरधाव होत्या. सापळ्याचा मोजलेला तुकडा पूर्ण होण्याआधी त्यांनी वेग उतरवला आणि पोलिसांचा पुरावा हातातून गेला. या वेळी न्यायालयाने सांगितलं की हा अडथळाच आहे. न्यायमूर्ती डार्लिंग यांनी भर दिला तो हेतूवर. माणसाला कायदा पाळायला लावण्यासाठी सावध करणं एक, आणि पकडला जाण्याचा धोका टळेपर्यंतच गुन्हा थांबवायला सांगणं वेगळं.

हा फरक वाचायला सोपा वाटतो. रस्त्यावर तो जवळजवळ अदृश्य असतो. डिपर मारणाऱ्याच्या मनात काय आहे? त्याला तुमचा जीव वाचवायचा आहे की तुमची पावती? बहुतेकांना स्वतःलाही सांगता येणार नाही. खरं तर हा प्रश्न शंभर वर्षांनीही सुटला नव्हता. २००५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात पुन्हा असाच खटला आला. एका ट्रकचालकाने पुढे वेग मोजणारे पोलीस आहेत असा इशारा इतरांना दिला होता. न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण ज्यांना इशारा मिळाला ते मर्यादा मोडत होते किंवा मोडण्याच्या बेतात होते हे सिद्धच झालं नव्हतं. म्हणजे गाडी पुन्हा १९०७ च्या निकालापाशी.

पण १९१० नंतर असोसिएशनने काढलेली युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. तिची माणसं रस्त्यावर गणवेशात उभी असत आणि गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की सलाम करत. आता सदस्यांना कळवण्यात आलं : एखादा माणूस सलाम करत नसेल, तर थांबा आणि कारण विचारा. झालं! सापळा असला की सलाम नाही. आता पोलिसांनी खटला कशावर भरायचा? सलाम न करणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही. माणूस गप्प उभा राहून सगळं सांगत होता. हा सलाम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होता.

या गोष्टीत एक माणूस कुठेच बोलत नाही, ते लक्षात आलं का? रस्त्याकडेच्या गावातला माणूस. डांबरीकरण नसलेल्या त्या रस्त्यांवर धूळ त्याच्या घरात जायची, कोंबड्या त्याच्या मरायच्या, मुलं त्याची रस्ता ओलांडायची. झुडपातला शिपाई बऱ्याचदा त्याच्याच तक्रारीवरून तिथे बसलेला असे. खबरीचं जाळं होतं ते गाडीत बसलेल्यांचं. पायी चालणारा त्याचा सदस्य नव्हता. पुढे १९३० च्या कायद्याने मोटारींसाठी २० मैलांची मर्यादा काढूनच टाकली. त्या काळात ब्रिटनमध्ये वर्षाला सात हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मरत होती. १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणावी लागली.

पोलिसांपासून बचावाची खबर झाली. आता उलट खबर बघू, सरकारने स्वतः पसरवलेली. यासाठी अमेरिकेतल्या कनेक्टिकट या छोट्या राज्यात जाऊ. १९५५ साल. तिथे रस्त्यावर ३२४ माणसं मेली, आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ जास्त. राज्याचे गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी नाताळच्या दोन दिवस आधी जाहीर केलं की आता वेग मोडणाऱ्याची गय नाही. पहिल्यांदा सापडला तर ३० दिवस परवाना निलंबित, दुसऱ्यांदा ६० दिवस, तिसऱ्यांदा बेमुदत. दंड भरून सुटका नाही. बातमी राज्यभर गाजली. पुढच्या वर्षी मृत्यू २८४ वर आले. ४० जीव वाचले, म्हणजे साधारण १२ टक्के घट. गव्हर्नर म्हणाले, मोहीम सार्थकी लागली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मंत्र्याच्या भाषणात शोभेल. पण डोनाल्ड कॅम्पबेल हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स रॉस हे समाजशास्त्रज्ञ या आकड्यांच्या मागे लागले. १९६८ मध्ये त्यांनी लिहिलेला लेख आजही सामाजिक संशोधन शिकणाऱ्यांना वाचायला लावतात. त्यांचा पहिला मुद्दा साधा होता. १९५५ हे साल मुळातच विलक्षण वाईट होतं, म्हणूनच तर मोहीम निघाली. विलक्षण वाईट वर्षानंतर काहीही न करता पुढचं वर्ष थोडं बरं जाण्याची शक्यता असतेच. तुमचा ताप १०४ वर असताना अंगारा लावला आणि तो १०१ वर आला, तर श्रेय अंगाऱ्याचं की तापाच्या चढउताराचं?

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. शिक्षा कडक झाली तसे शिक्षा देणारे हात आखडले. न्यायालयांत निर्दोष सुटणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांत वेगाच्या गुन्ह्यांचा वाटा घटला. याचे दोन अर्थ होतात : लोक हळू चालवू लागले, किंवा पोलीस एखाद्याचा परवाना जाईल म्हणून कानाडोळा करू लागले. आणि ज्यांचे परवाने निलंबित झाले त्यांच्यातले काही लोक परवान्याशिवायच गाडी चालवू लागले. म्हणजे खबर कडक, व्यवहार सैल. मोहिमेचा काही परिणाम झाला असेलही, पण गव्हर्नरांनी सांगितला तेवढा खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांचं मत.

याच रॉस यांनी पुढे ब्रिटनमधली दुसरी मोहीम तपासली. ती वेगाची नव्हती, दारू पिऊन गाडी चालवण्याची होती, पण आपल्या विषयाला ती फार उपयोगी आहे. ऑक्टोबर १९६७ पासून पोलिसांना चालकाच्या श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार मिळाला. वर्तमानपत्रांनी आणि सरकारी प्रचाराने असा गवगवा केला की लोकांना वाटलं, आता कोपऱ्याकोपऱ्यावर नळी घेऊन पोलीस उभे असणार. शनिवार-रविवारच्या रात्रींचे गंभीर अपघात सुरुवातीला जवळजवळ दोन तृतीयांशाने खाली आले. मग हळूहळू लोकांना अनुभव येऊ लागला. आपल्याला कुणी थांबवलं नाही, शेजाऱ्यालाही नाही. चाचण्या प्रत्यक्षात थोड्याच होत होत्या. आकडे पुन्हा वर सरकू लागले. भीती खरी होती तोवर जीव वाचले. भीतीचा आधार तपासला गेला, तशी ती संपली. माझ्या मते अफवेबद्दलची सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. अतिशयोक्त खबरीने काही माणसं जिवंत राहिली, आणि ती अतिशयोक्त होती म्हणूनच तो परिणाम टिकला नाही.

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचा उल्लेख न करता पुढे गेलो तर तुमच्यातले काही जण रागावतील. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. हेतू इंधन वाचवण्याचा होता. लांब पल्ल्याच्या चालकांनी गाडीत सीबी रेडिओ बसवले आणि पोलिसांना टोपीवरून ‘स्मोकी’ हे नाव दिलं. एकमेकांना खबर देत ते देश पालथा घालत. ती मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली. आपला डिपर, त्यांचा रेडिओ. एवढंच.

आता घरी येऊ. भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा. यात खबरीच्या दृष्टीने सगळ्यात गाजलेला काळ म्हणजे सप्टेंबर २०१९. दुरुस्त झालेला कायदा १ सप्टेंबरला लागू झाला. वेगमर्यादा मोडल्याचा दंड हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये झाला. इतर दंड त्याहून भडकले. पहिल्या दोन आठवड्यांत देशभर पीयूसी केंद्रांपुढे रांगा लागल्या. आणि मग अफवांचा पूर आला. चप्पल घालून गाडी चालवली तर चलान. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला तर चलान. लुंगी-बनियनवर असाल तर चलान. काच मळकी असली तर, गाडीत जादा बल्ब नसला तर, सगळ्याला चलान! शेवटी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला समाजमाध्यमावर यादी देऊन सांगावं लागलं की अशी तरतूद कायद्यात नाही, अफवांपासून सावध राहा.

त्या यादीत काय नाही ते बघा. वेग नाही. लोक घाबरले ते कागदांना, कपड्यांना, बल्बला. कारण मला वाटतं साधं आहे. आपल्याकडे पोलीस म्हणजे थांबवून कागद मागणारा माणूस, हा पिढ्यांचा अनुभव. कागद दाखवता येतो, म्हणून त्याची भीतीही हाताळता येते. वेग हा गाडी थांबल्याक्षणी नाहीसा होणारा पुरावा. त्याची भीती बाळगावी असं आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

राज्यांनीही गोंधळात भर घातली. गुजरातने बरेच दंड कमी केले, पश्चिम बंगालने कायदा लागू करायला नकार दिला, महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवली आणि वाढीव दंड इथे लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं. म्हणजे सुरतेहून नाशिकला येणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन दरपत्रकं. अशा वेळी खरी बातमी आणि अफवा यांत फरक करायचा तरी कसा? कनेक्टिकटसारखंच झालं. घोषणा एक, रस्त्यावरचा व्यवहार दुसरा.

त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबद्दल एक बातमी जोरात फिरली. खालापूर आणि उर्से या टोलनाक्यांमधलं सुमारे ५० किलोमीटर अंतर ३७ मिनिटांच्या आत कापलं तर दंड. हिशोब बरोबर होता. तेव्हाची मर्यादा ताशी ८० होती आणि त्या वेगाने ५० किलोमीटरला साडेसदतीस मिनिटं लागतात. १९०५ च्या शिपायाचा फर्लांगच तो, फक्त लांब केलेला. पण याला पळवाट काय? ताशी १२० ने जाणाऱ्याला हेच अंतर २५ मिनिटांत संपतं. उरलेली बारा मिनिटं त्याने चहा-वड्यात घालवली की टोलनाक्यावर तो आदर्श नागरिक. सरासरी वेग मोजायचा तर मोजायच्या खुणा जवळजवळ हव्यात. जुलै २०२४ पासून या मार्गावर ठिकठिकाणी कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आहे आणि चलान थेट मोबाईलवर येतं. आता मर्यादा सपाट भागात मोटारींना १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी.

आणि इथे ब्रायटनच्या रस्त्यावरचं भांडण एका विचित्र वळणावर येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला. कॅमेरे आणि स्पीड गन कशा वापरायच्या, त्यांचं प्रमाणपत्र दरवर्षी कसं घ्यायचं, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत कशी द्यायची, हे सगळं त्यात आहे. त्यात हेही आहे की ज्या पट्ट्यात असं यंत्र लावलं असेल त्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावलाच पाहिजे. म्हणजे ज्या कामासाठी १९१० मध्ये माणसाला शिक्षा झाली, तेच काम आज सरकारने स्वतःवर सक्तीचं केलं आहे. डिपर मारणं आता फलकाचं काम झालं.

पण फलक दिसतो तो गाडीतल्याला. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी नोंदीप्रमाणे त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात पडतात. एकूण मृतांमध्ये दुचाकीवरचे साडेचव्वेचाळीस टक्के आणि पायी चालणारे साडेएकोणीस टक्के. हायवेलगतच्या गावात संध्याकाळी दूध घालायला रस्ता ओलांडणाऱ्या बाईला पुढे कॅमेरा आहे की नाही हे कुठल्याच ग्रुपवर येत नाही. तिला एवढंच दिसतं की कॅमेऱ्याच्या खांबापाशी हळू झालेल्या गाड्या तिच्या गावापर्यंत येताना पुन्हा सुसाट झालेल्या असतात.